जमिनीतलं नाणं

सांगलीहून आम्ही कऱ्हाडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी पाहायला गेलो. पायथ्याच्या शेतात दोन पोरं धातू शोधायचं यंत्र फिरवीत होती. आम्ही त्यांना जोगळटेंभीची हकिकत सांगितली. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावी १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला. कोण हरलं, कोण जिंकलं, ते त्या ढिगानेच सांगितलं. सुटं सुटं सोनाराकडे गेलं असतं तर नुसती चांदीच! दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं, असा १८७८ चा कायदाच आहे.

भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत कऱ्हाडचं नाव कोरलेलं आहे.

एका पोराने खिशातून हिरवं पडलेलं नाणं काढलं. नेमकं कुठं गावलं, ते त्याला सांगता येईना.