जिओजेब्रा

जिओजेब्रा : भूमिती, बीजगणित, आलेख, कोष्टक व कलन यांना एकाच पडद्यावर जोडणारी गणिती संगणकप्रणाली. शिकण्या-शिकवण्यासाठी ती विनामूल्य मिळते. संगणक, टॅब व मोबाइल यांवर ती बसवता येते किंवा थेट ब्राउझरमध्ये उघडता येते. जॉमेट्री व अल्जिब्रा या शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव आले आहे.

इतिहास : ऑस्ट्रियाचे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये झाल्ट्सबुर्ग विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधासाठी ती लिहायला घेतली. २००२ मध्ये तिला युरोपीय शैक्षणिक सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील काब्री व अमेरिकेतील जिओमीटर्स स्केचपॅड या प्रणालींनी पडद्यावरील आकृती ओढून बदलण्याची ‘गतिमान भूमिती’ आधीच रुजवली होती. मात्र शाळांना त्या विकत घ्याव्या लागत. जिओजेब्रात २००९ मध्ये कोष्टक व २०१४ मध्ये त्रिमितीय भूमिती आली. होहेनवार्टर पुढे लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात प्राध्यापक झाले.

रचना : आकृती व तिचे समीकरण ही एकाच वस्तूची दोन रूपे म्हणून समोर राहतात. वर्तुळ सरकवले की समीकरण बदलते. समीकरणातील त्रिज्या बदलली की वर्तुळ फुगते किंवा आक्रसते. स्लायडरने सहगुणक बदलून अन्वस्ताचे तोंड वर-खाली होताना पाहता येते.

ओढून पाहणे : अध्यापनाच्या दृष्टीने हे या प्रणालीचे सर्वांत मोलाचे अंग आहे. समजा, दोन विद्यार्थ्यांनी चौरस काढला. एकाने चार बिंदू नजरेच्या अंदाजाने मांडून जोडले. दुसऱ्याने एक बाजू घेऊन तिच्या टोकांवर लंब उभारले आणि वर्तुळाच्या साहाय्याने तेवढीच लांबी त्यांवर घेतली. कागदावर दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतील. पडद्यावर एक शिरोबिंदू ओढताच पहिल्याचा चौरस मोडतो. दुसऱ्याचा चौरस लहान-मोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. पहिले चित्र होते, दुसरी रचना. व्याख्या पाठ असूनही जो भेद उमगत नाही, तो येथे हाताला कळतो.

त्रिकोणाचे परिकेंद्र, मध्यगासंपात व शिरोलंबसंपात काढून शिरोबिंदू ओढला, तर हे तिन्ही बिंदू एका रेषेची साथ सोडत नाहीत. ही ऑयलर रेषा होय. त्रिकोण समद्विभुज झाला की ती त्याच्या सममिती अक्षावर येते. समभुज झाला की तिन्ही बिंदू एकवटतात आणि रेषा उरत नाही. ‘असे का?’ हा प्रश्न येथे विद्यार्थ्याच्याच तोंडून येतो.

वर्गातील सहकार्य : जिओजेब्रा क्लासरूम ही सोय २०२० मध्ये, कोविड साथीमुळे शाळा बंद असण्याच्या काळात वापरात आली. शिक्षक कृतिपत्रिका निवडून पाठ तयार करतात व मिळालेला संकेत वर्गाला देतात. विद्यार्थी तो संकेत व आपले नाव टाकून आत येतात. त्यांना खाते काढावे लागत नाही. प्रत्येकाची आकृती घडत असताना शिक्षकांना दिसते. नावे झाकून निरनिराळी उत्तरे सर्वांपुढे ठेवता येत असल्याने चुकणाऱ्याला न लाजवता चुकीवर चर्चा होऊ शकते. शिक्षकांनी बनवलेल्या कृतिपत्रिकांचा मोठा संग्रह संकेतस्थळावर आहे; त्यांची प्रत घेऊन आपल्या वर्गासाठी बदल करता येतात. दर्जा मात्र सारखा नाही, त्यामुळे निवड काळजीपूर्वक करावी लागते.

मर्यादा : शंभर त्रिकोण ओढून पाहिले तरी सिद्धता होत नाही. पडद्यावरील मापे ठरावीक दशांश स्थळांपर्यंत असतात. म्हणून त्रिकोणाच्या दाखवलेल्या तीन कोनांची बेरीज कधी १८०.०१ अंशही भरते. ही तफावत वर्गात दडवू नये. माप व सिद्धता यांतील फरक सांगण्याची ती उत्तम संधी आहे. कंपासपेटीची जागा ही प्रणाली घेते की तिला पूरक ठरते, याबाबत शिक्षकांत मतभेद आहेत.

इतर विषय : भौतिकशास्त्रातील किरणाकृती व गतीचे आलेख यांसाठीही उपयोग होतो.

मालकी व परवाना : बंगळूरच्या बायजूज कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये जिओजेब्रा विकत घेतल्याचे जाहीर केले, त्यानंतरही शैक्षणिक वापर विनामूल्य राहिला आहे. व्यावसायिक वापरास निराळ्या अटी आहेत.

भारत व महाराष्ट्र : केरळने मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेल्या शालेय संगणकशिक्षणात जिओजेब्राला स्थान दिले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात तिची पाठमालिका आहे. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांतही जिओजेब्रा वापरून करायच्या कृती सुचवल्या आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संगणक नसलेल्या शाळेत एक संगणक व एक प्रोजेक्टर यांवरही काम भागते. प्रणाली एकदा बसवली की आकृत्या काढायला इंटरनेट लागत नाही. एका विद्यार्थ्याने बिंदू ओढण्याआधी इतरांनी काय होईल ते वहीत लिहावे, मग पडद्याशी ताडून पाहावे. अंदाज लिहिलेला असला की पुढे दिसणाऱ्या हालचालीचे नवल वाटते आणि सिद्धतेची गरज तेथूनच निर्माण होते.