कन्फर्म होईपर्यंतची दोन वर्षं : हायकोर्टातल्या न्यायाधीशांची गोष्ट

आजचा भाग न्यायाधीश कसे नेमले जातात, यावर आहे. विषय आपल्याकडचा आहे, पण सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण तिथल्या सुनावण्यांच्या क्लिप्स तुम्ही मोबाईलवर कधी ना कधी बघितल्या असतील.

तिथे फेडरल न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट त्यावर मतदान करतं. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी पाडलं. २०१६ मध्ये ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, तर सिनेटनं सुनावणीच घेतली नाही. राजकारण भरपूर आहे, पण ते सगळ्यांसमोर होतं. आणि एकदा मंजुरी मिळाली की तो माणूस तहहयात न्यायाधीश.

आपण ही पद्धत का घेतली नाही? विचार झाला होता. २४ मे १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक नेमणूक कायदेमंडळाच्या मंजुरीवर ठेवली तर काम किचकट होईल आणि राजकीय दबाव येईल. एकट्या सरकारवर सोपवणंही धोक्याचं. मग सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करायची का? तेही त्यांना पटलं नाही. सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी शेवटी माणूसच, त्यांनाही आपल्यासारखेच गुणदोष असतात. म्हणून मधला रस्ता काढला : राष्ट्रपतींनी नेमणूक करायची, पण सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून.

पुढची सत्तर वर्षं भांडण चाललं ते या ‘सल्लामसलत’ शब्दावर. पण मला आज दुसऱ्या एका, कमी बोलल्या जाणाऱ्या तरतुदीबद्दल सांगायचंय. आणि ती तरतूद माझ्या गावाच्या इतिहासाला चिकटलेली आहे.

मी येडशीचा. आपला धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हायकोर्टाचं काम असेल तर लोक हैदराबादला जायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपलं हायकोर्ट एका रात्रीत मुंबई झालं. या बदलासाठी राज्यघटनेत सातवी दुरुस्ती करावी लागली. शाळेत ही दुरुस्ती आपण ‘राज्यांची दुरुस्ती’ म्हणून शिकतो. पण तिच्यातच कलम २२४ नव्यानं लिहिलं गेलं आणि हायकोर्टात ‘अतिरिक्त न्यायाधीश’ नावाचं पद आलं.

हेतू साधा होता. खटले तुंबले तर तात्पुरते न्यायाधीश नेमायचे, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. काम संपलं की पद संपलं. झालं असं, की तुंबलेलं काम काही संपलं नाही. मग बहुतेक प्रत्येक नवा न्यायाधीश आधी ‘अतिरिक्त’ म्हणून यायला लागला आणि दोन वर्षांनी ‘कायम’ व्हायला लागला. म्हणजे घटनेत प्रोबेशन हा शब्द कुठंही नाही, पण प्रत्यक्षात प्रोबेशनच.

प्रोबेशन म्हणजे काय हे आयटीवाल्याला वेगळं सांगायला नको. माझ्या पहिल्या नोकरीत सहा महिने प्रोबेशन होतं. त्या सहा महिन्यांत मॅनेजरच्या डिझाइनमध्ये चूक दिसली तरी मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नसे. कन्फर्मेशनचा मेल आला की दुसऱ्या दिवसापासून तीच पोरं वाद घालायची. तिथं फार तर एखादा बग राहायचा. हायकोर्टात तुमच्याआमच्या सुटकेचा प्रश्न असतो, आणि पुष्कळदा समोरचा पक्षकार खुद्द सरकार असतं.

आता आणीबाणीत या. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून इंदिरा गांधींच्या सरकारनं ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं होतं. १९७५ मध्ये आणीबाणी आली. १९७६ मध्ये वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या १६ न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. या मोठ्या गोष्टी पुस्तकांत येतात. पण अतिरिक्त न्यायाधीशाच्या बाबतीत सरकारला एवढंही करावं लागत नव्हतं. मुदत संपेपर्यंत गप्प बसलं की झालं.

दिल्ली हायकोर्टात न्यायमूर्ती आर. एन. अग्रवाल हे पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्धचा खटला ऐकणाऱ्या खंडपीठात होते. निकाल सरकारच्या विरोधात गेला. अग्रवाल यांना कायम केलं नाही, ते परत सत्र न्यायाधीश झाले. आणि आपल्या मुंबई हायकोर्टात, नागपूर खंडपीठावर, न्यायमूर्ती उ. रा. लळीत होते. सोलापूरच्या वकिली घराण्यातले. राजद्रोहाचा आरोप असलेल्या काही तरुणांना त्यांनी जामीन दिला. त्यांनाही कायम केलं गेलं नाही, आणि त्यामागं हा जामीनच होता असं आजही सांगितलं जातं. सरकारवर कारण लेखी देण्याचं बंधनच नव्हतं. काढून टाकलं म्हणावं, तर कुणी काढलेलं नाही. मुदत संपली, इतकंच. लळीत पुढं सुप्रीम कोर्टात वकिली करू लागले.

आणीबाणी गेली तरी ही युक्ती गेली नाही. १८ मार्च १९८१ ला कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी एक परिपत्रक काढलं : अतिरिक्त न्यायाधीशांना विचारा, दुसऱ्या राज्यात कायम न्यायाधीश म्हणून जायला तयार आहात का? मुंबईतल्या वकिलांनी यामागचा अर्थ लगेच ओळखला. ‘कायम व्हायचंय ना, मग आधी संमती द्या.’ इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं, पण ३० डिसेंबर १९८१ चा निकाल सरकारच्या बाजूनं लागला. सल्ला घ्यायचा, शेवटचा शब्द मात्र सरकारचा. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबादला हायकोर्टाचं काम सुरू झालं आणि येडशीच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली.)

१९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा निकाल फिरवला. १९९८ मध्ये नियम पक्के झाले आणि आजचं कॉलेजियम, म्हणजे न्यायवृंद, उभं राहिलं. आता न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. संसदेनं २०१४ मध्ये नियुक्ती आयोगाचा कायदा करून हे बदलायचा प्रयत्न केला. तो २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ मतानं रद्द केला. सरकारच्या हाती फाईल लांबवणं मात्र उरलंच. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव न्यायवृंदानं २०२२ मध्ये पाठवलं. त्यांच्या सोशल मीडियावरच्या मतांवर सरकारनं आक्षेप घेतला, न्यायवृंदानं नाव पुन्हा पाठवलं, आणि नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तीही अतिरिक्त म्हणूनच.

म्हणजे पेन सरकारच्या हातातून न्यायाधीशांच्या हातात गेलं. दोन वर्षांचं घड्याळ तसंच राहिलं. याचा अर्थ २०२१ मध्ये कळला.

पुन्हा नागपूर खंडपीठ. अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी १९ जानेवारी २०२१ ला निकाल दिला, की मुलीच्या कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक अत्याचार ठरत नाही, त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा. देशभर संताप झाला, आणि तो रास्त होता. २७ जानेवारीला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. दरम्यान त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदानं केली होती, ती मागं घेतली. त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुदत संपत आली, पुन्हा जिल्हा न्यायाधीश व्हायची वेळ आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

तो निकाल १८ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला. त्या पीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती उदय लळीत, म्हणजे आणीबाणीत कायम न झालेल्या उ. रा. लळीतांचे चिरंजीव. पुढं २७ ऑगस्ट २०२२ ला ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही गोष्टी एकाच तागडीत कशा? एका न्यायाधीशानं नागरिकाच्या बाजूनं निकाल दिला, दुसऱ्यांनी लहान मुलीचं संरक्षण कमी करणारा. बरोबर आहे. निकालांची मी तुलना करतच नाहीये. मी बघतोय ती यंत्रणा. दोन्ही वेळा मुदत संपण्याची वाट बघितली गेली आणि का, हे लेखी, सगळ्यांना वाचता येईल असं समोर ठेवलं गेलं नाही. एकदा सरकारनं केलं, एकदा न्यायवृंदानं. चांगल्या कारणासाठी वापरलेलं हत्यार वाईट कारणासाठीही तसंच चालतं, कारण कारण सांगावंच लागत नाही.

चुकीच्या निकालाला इलाज आहे : अपील. ते २०२१ मध्ये नीट चाललं, कायद्याचा अर्थ दुरुस्त झाला. न्यायाधीश म्हणून माणूसच योग्य वाटत नसेल, तर तेही म्हणता आलं पाहिजे, पण कारणासह आणि सहीनिशी. अमेरिकेत निदान कोण का विरोध करतंय हे रेकॉर्डवर असतं. आपल्याला सिनेट नको, बाबासाहेबांचं तेव्हाचं म्हणणं आजही पटतं. पण सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, हे त्यांचं दुसरं वाक्य आपण सोयीनं विसरलो.

उद्या येडशीतल्या एखाद्या पोराला सरकारविरुद्ध टाकलेल्या पोस्टसाठी अटक झाली, तर त्याचा जामीन अर्ज कदाचित औरंगाबाद खंडपीठात अशाच न्यायाधीशासमोर जाईल, ज्यांचं कन्फर्मेशन चार महिन्यांवर आलंय. त्यांनी फक्त फाईलमधले कागद बघावेत, कॅलेंडर नाही, एवढंच मागणं आहे.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.