शोधयंत्रातील जोड-अटी
एका सदऱ्याचे लाल-लहान आणि निळा-मोठा असे दोनच प्रकार दुकानात आहेत. ग्राहक संकेतस्थळावर ‘लाल, मोठा’ शोधतो आणि नेमका हाच सदरा समोर येतो! दोष बहुधा प्रश्नाच्या मांडणीत असतो.

डग कटिंग यांनी सुरू केलेल्या ल्युसीनवर सोलर व इलॅस्टिकसर्च ही शोधयंत्रे उभी आहेत. त्यांत मूळ वस्तू ‘पालक’ आणि तिचे प्रकार ‘अपत्य’ दस्तऐवज म्हणून साठवता येतात. रंग व माप यांच्या दोन स्वतंत्र जोडण्या ‘आणि’ने सांधल्यास, अटी वेगवेगळ्या अपत्यांनी पुऱ्या केल्या तरी पालक पात्र ठरतो. दोन्ही अटी एकाच जोडणीत घातल्या, तरच त्या एकाच अपत्याला लागू होतात. ‘लाल आणि निळा, दोन्ही रंगांत मिळणारा’ सदरा हवा असल्यास मात्र जोडण्या वेगळ्याच हव्यात. अन्यथा, प्रत्येक प्रकाराचा रंग एकच असल्याने, हाती काहीच लागणार नाही.