तुरुंग कशाने भरतात? दिल्लीची कारागृहे आणि शिक्षेची मुदत

दिल्लीचा जुना तुरुंग दिल्ली गेटजवळ, आज मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय आहे त्या जागी होता. १९५८ मध्ये तिहार सुरू झाले तेव्हा तिथे सुमारे १,३०० कैद्यांची सोय होती. नंतर तिहारमध्येच एकेक तुरुंग वाढत गेला, २००४ मध्ये रोहिणीला आणि २०१६ मध्ये मंडोलीला नवी कारागृहे झाली. मंडोली आमच्या मयूर विहारप्रमाणेच यमुनेच्या पूर्वेला आहे. एवढे बांधूनही २०२२ च्या अखेरीस दिल्लीत १०,०२६ जागांमध्ये १८,४९७ कैदी होते.

ही वाढ समजून घ्यायला पाण्याच्या टाकीचे साधे गणित पुरते. तुरुंगातली संख्या म्हणजे वर्षाला आत येणारे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. माणसे तितकीच आली आणि मुक्काम दुप्पट झाला, तरी संख्या दुप्पट होते. गुन्हे वाढलेच पाहिजेत असे नाही.

अमेरिकेत नेमके हेच घडले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे २ लाख कैदी होते. २००९ पर्यंत ते १६ लाखांच्या घरात गेले. न्यूयॉर्कचा १९७३ चा अमली पदार्थ कायदा, १९८६ चा केंद्रीय कायदा, कॅलिफोर्नियाचा १९९४ चा ‘तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप’ हा नियम, या सगळ्यांनी किमान शिक्षा ठरवून न्यायाधीशाचे हात बांधले. तिथे तुरुंगवास वाढला तो शिक्षेच्या धोरणामुळे.

आपल्याकडेही तसेच असेल असे विद्यार्थी गृहीत धरतात. शिक्षा आपल्याकडेही कडक झाल्याच. गोपाळ विनायक गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य असे सांगितले, आणि १९७८ मध्ये गंभीर गुन्ह्यांतील जन्मठेपेला किमान १४ वर्षांची अट आली. पण आता आकडे पाहा. २०१२ ते २०२२ या काळात देशातील कैदी सुमारे ३.८५ लाखांवरून ५.७३ लाखांवर गेले. त्यांतले शिक्षा झालेले कैदी १.२८ लाखांवरून १.३३ लाखांवर, म्हणजे जवळजवळ स्थिर. कच्चे कैदी मात्र २.५५ लाखांवरून ४.३४ लाखांवर! जवळपास सगळी भर निकालाची वाट पाहणाऱ्यांची आहे. दिल्लीत तर दहांतले जवळपास नऊ कैदी कच्चे असतात.

मग शिक्षेचा संबंध नाही का? आहे, पण आडवाटेने. आपल्या कायद्यात निकालाआधी किती काळ आत राहायचे हे बऱ्याच अंशी कागदावरच्या शिक्षेवरून ठरते. आरोपपत्र वेळेत आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत १९७८ पासून साधारण गुन्ह्यांत ६० दिवस, मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९०. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात अनेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे ठेवली गेली आणि १९८९ च्या दुरुस्तीने, आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला सकारण वाटल्याशिवाय जामीन नाही, अशी अट घातली. २००१ मध्ये शिक्षा मालाच्या प्रमाणानुसार लावल्या गेल्या, पण मोठ्या प्रमाणासाठी ती अट राहिली. संसदेने शिक्षेचा आकडा वाढवला की दोषी ठरण्याआधीचा मुक्कामही असा लांबतो.

एक गोष्ट आकड्यांत दिसतच नाही. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. तीन वर्षे आत काढलेल्याला तीन वर्षांचीच शिक्षा झाली, तर तो निकालाच्या दिवशीच सुटतो; शिक्षा झालेल्यांच्या रकान्यात त्याची नोंद जवळपास होतच नाही. म्हणजे शिक्षा आधी भोगून झालेली असते आणि निकाल मागाहून येतो. माझ्या मते ‘कच्चा कैदी’ हा शब्दच इथे फसवा आहे.

१९७९ च्या हुसैनआरा खातून खटल्यात बिहारमधले असे कैदी समोर आले, की ज्यांनी संभाव्य कमाल शिक्षेहूनही जास्त काळ तुरुंगात काढला होता. त्यावर कायद्यातला उपाय यायला २००६ उजाडले: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ गेला की सुटकेचा हक्क. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी हा काळ एक तृतीयांश केला. मात्र फाशी वा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असलेलेही. मंडोलीत अर्ज लिहायला बसलेल्या माणसाला आधी ही दोन वगळणी तपासावी लागतात.