काळ्या पोशाखातून दिवाणखान्यात

१८८३. पॅरिसच्या वेशीवर, बोलोन्यच्या वनात, शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांच्या संशोधन केंद्राच्या आवारात तुम्ही उभे आहात. नखशिखान्त काळा पोशाख, पाठीमागे काळीकुट्ट शेड. हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर ठिपके. इशारा होताच तुम्ही चालू लागता. कॅमेऱ्यातली फटींची तबकडी गरगर फिरते आणि तुमचं प्रत्येक पाऊल एकाच काचेवर उमटत जातं. काच धुऊन पाहता, तर तुमचा चेहरा नाही की पोट नाही. नुसत्या रेघा, उलगडलेल्या पंख्याच्या काड्यांसारख्या. तरी सुटलात म्हणायचे! दशकभर आधी आला असतात, तर मारे यांनी तुमच्या पायांत हवेच्या पोकळीचे बूट चढवून त्यांच्या नळ्या हातातल्या नोंदयंत्राला जोडल्या असत्या.

१९७३. स्वीडनमधलं उप्साला. मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांना पट्ट्याही नकोत. खांदे, कोपर, मनगटं, गुडघे, घोटे यांवर चमकत्या टेपचे दहा-बारा तुकडे पुरतात. पडद्यावर तुम्ही म्हणजे अंधारातले तेवढेच ठिपके. तुम्ही स्तब्ध असता तेव्हा बघणाऱ्याला काही उमगत नाही. एक पाऊल टाका, आणि तो क्षणात सांगतो, ‘माणूस चाललाय.’

१९८०. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत संशोधक रिचर्ड बोल्ट यांच्या खोलीत तुम्ही खुर्चीत बसला आहात. समोर भिंतभर पडदा. एका आकृतीकडे बोट दाखवून ‘ते’ म्हणता, रिकाम्या जागेकडे वळून ‘तिथे ठेव’. आकृती सरकते! यंत्र आता तुमचं ऐकतंय. मात्र बोट कुठे रोखलंय हे त्याला कळतं ते मनगटावर बांधलेल्या छोट्याशा ठोकळ्यामुळे.

नोव्हेंबर २०१०. अमेरिकेतला एक दिवाणखाना. टीव्हीपाशी नवंकोरं किनेक्ट, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्राला जोडलेलं, हालचाल ओळखणारं उपकरण. हातात रिमोट नाही, अंगाला वायर नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांचं जाळं तुमच्यावर पडलंय; त्यावरून यंत्र प्रत्येक बिंदूचं अंतर काढतं, तो बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कशाचा हे ठरवतं आणि सांधे शोधतं. योहान्सनच्या प्रेक्षकांना तुमची हालचाल लागत होती; याला एक स्थिर चौकट पुरते. तुम्ही हात हलवता, मेनू उघडतो.

हे ते शिकलं कुठून? अंगाला मार्कर लावून नाचणाऱ्या, धावणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या माणसांच्या सुमारे पाच लाख चौकटींमधून. त्यांवरून संगणकानं लहानमोठ्या अंगकाठीची असंख्य शरीरं रचली. म्हणजे मारे यांचा पोशाख अजून कुणीतरी घालतंच होतं, तुमच्या वतीनं.

आणि तो घालणाऱ्याला आपली नोंद होतेय हे ठाऊक असायचं. किनेक्ट खोलीतली सहा माणसं टिपू शकतं. सोफ्यामागून चहा घेऊन जाणाऱ्या आजींना कुणी विचारलं?

२०१३. हा प्रश्न आता तुम्हीच विचारताय. मायक्रोसॉफ्टनं मे महिन्यात नवा एक्सबॉक्स जाहीर केला. किनेक्ट जोडल्याशिवाय तो चालणार नव्हता. खासगीपणावरून गदारोळ उठला आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं अट मागे घेतली. काळा पोशाख अंगावरून उतरवता यायचा. किनेक्टची वायर काढण्याची मुभा मिळायला मात्र भांडावं लागलं.