तळटीप : ठासणीच्या बंदुकीतली दारू

दारू वाढवली की गोळी वेगाने सुटते, कमी झुकते, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी लागते. पण नळीतले पेच दाट असतील, तर तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोल गोळी जादा दारूच्या जोराने पेच सोडून घसरते. मग नेमाचा भरवसा नाही. मध्य भारतात शिकार केलेल्या जेम्स फोर्सिथ यांनी १८६३च्या ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’मध्ये विरळ पेचांचा पुरस्कार केला : एका वेढ्याला १०० इंचांहून अधिक लांबी. मूळ मजकुराचे लेखक मात्र सरसकट दारूचे माप वाढवायला सांगतात, ते पटत नाही. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने ओसरतो. लांबवर जादा दारूचा फायदा थोडाच उरतो, खांद्याला धक्का मात्र पुरेपूर बसतो. — संपा.