जहांगीरचा झेब्रा आणि मलिक अंबर

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एका झेब्र्याचे चित्र आहे. जहांगीर बादशाहच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने ते 1621 मध्ये काढले. मीर जाफरसोबतच्या तुर्कांनी हा प्राणी हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मुलखातून आणला, अशी नोंद खुद्द बादशाहने चित्रावर केली आहे.

पट्टे पाहून दरबारात काहींना संशय आला की कुणीतरी ते रंगवले असावेत. जहांगीर आत्मचरित्रात सांगतो की बारकाईने तपासल्यावर ही कुदरतीचीच करामत असल्याचे पटले. पुढे झेब्र्याची रवानगी इराणच्या शाह अब्बासच्या नजराण्यात झाली. मागे राहिली ती तसबीर.

बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव जहांगीरला जाणवली होती. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून टर्कीसारखे अनोळखी जीव आणले, तेव्हा त्याने वर्णनासोबत चित्रेही करवून घेतली. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद होते, आजही आहेत. पण मुसलमानांनी अशी चित्रे काढलीच नाहीत, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी मन्सूरचा झेब्रा जरूर पाहावा.

हाच बादशाह पट्टीचा शिकारीही होता. कारकिर्दीच्या अकराव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हाताने 17,167 जनावरे मारल्याचा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. पाहण्याची आणि मारण्याची हौस एकाच माणसात नांदत होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत कॅमेऱ्यापेक्षा बंदूकच वेगवान ठरली. तिथल्या क्वागा या झेब्र्याच्या प्रकारातील शेवटचे जनावर 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेले. जिवंत क्वागाचे जे फोटो आज उपलब्ध आहेत, ते सगळे लंडनमधल्या एकाच मादीचे आहेत. खऱ्या चित्राची किंमत अशी उशिरा कळते.

पण त्याच दरबारात एक खोटे चित्रही तयार झाले. मलिक अंबरही हबशातलाच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनेत येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. मुघलांना तो आवरेना. तेव्हा 1616 च्या सुमारास अबुल हसनने एक चित्र काढले: भाल्यावर अंबरचे छाटलेले मुंडके आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. झेब्रा दरबारी आला त्याच साली शाहजादा खुर्रम अंबरवर चालून गेला होता. पुढे 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीत अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा मिळून पराभव केला. 1626 मध्ये तो वृद्धापकाळाने वारला.

हबशातले जनावर बादशाहने डोळे उघडे ठेवून पाहिले, तपासले आणि मगच त्याची तसबीर काढवली. हबशातल्या माणसाकडे मात्र त्याला तसे पाहता आले नाही.

आता आमच्या श्रीरामपूरसारख्या गावातूनही लोक क्रुगरची सफर करून येतात. सिंह, हत्ती, झेब्रे यांचे उत्तम फोटो दाखवतात. मी ते आवडीने पाहतो आणि हळूच विचारतो, “तिथली माणसं कशी होती हो?” बहुतेकांच्या मोबाइलमध्ये ती नसतात. अंबरच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विसरू नये, असे मला वाटते.